म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायांचा पट्टा : चार महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, साडेबाराशे रुपये गेले आणि वाया गेले नाहीत. पण पट्टा आला तसाच वापरता आला असता तर हे एवढं लांबलचक लिहायला बसलो नसतो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण नंतर ऑनलाइन बघितलं तर तीन वेगवेगळ्या नावांनी हाच पट्टा विकायला आहे, तोच करडा रंग, तेच काळं बक्कल, फक्त बिल्ला वेगळा.

कुत्रा आमचा गावठी, १४ पूर्ण. नाव सारंग. जहाजावर डेकच्या खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात, मी आयुष्य काढलं इंजिनरूममध्ये, त्यामुळे डेकवाल्यांना हाका मारायची हौस अशी भागवून घेतली. शेजारच्या मुलाचं नावही सारंगच आहे हे बारसं झाल्यावर लक्षात आलं, त्या वहिनी वर्षभर आमच्याशी धड बोलल्या नाहीत. २०११ च्या पावसात हा रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर माशांच्या रिकाम्या टोपलीखाली कुडकुडत बसला होता, आमच्या मुलाने दप्तरात घालून घरी आणला, वह्यांचा लगदा झाला तो वेगळा. मुलगा तेव्हा सहावीत. आता तो शिपवर थर्ड इंजिनियर आहे आणि कुत्रा आमच्या गळ्यात.

२०२४ च्या दिवाळीपासून याचं मागचं इंजिन कुरकुरायला लागलं. आधी बसून उठताना दोन-तीन प्रयत्न, मग चालताना मागच्या पायाची बोटं जमिनीवर घासायची, अंगणात चिऱ्यावर नखांचा खर्र खर्र आवाज यायचा त्यावरून कळायचं की स्वारी निघाली. घरात मुलाने पहिल्या पगारात चकचकीत लाद्या बसवून घेतल्यात, त्यावर तर मागचे पाय फाकतच जातात बिचाऱ्याचे, पोट टेकेपर्यंत. जुनं सारवलेलं घर असतं तर हा अजून दोन वर्षं मजेत चालला असता असं आमच्या हिचं म्हणणं, आणि ते खरंही असेल. पडवीतून खळ्यात उतरायला तीन पायऱ्या. वजन २२ किलो. दोनदा उचलून उतरवला, तिसऱ्यांदा माझी कंबर धरली, आठ दिवस आम्ही दोघं एकाच खोलीत आडवे.

डॉक्टर म्हणाले सांधे झिजलेत, शिवाय पायांकडे जाणाऱ्या नसाही मंदावल्यात, पट्ट्याने बरं काही होणार नाही, फक्त पडायचा थांबेल आणि चालता राहिला तर उरलेले स्नायू टिकतील. त्यांनीच सांगितलं, आधी घरातला जुना टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे घालून दोन्ही टोकं वर धरून बघा, त्याला चालतंय का. हे मी सगळ्यांना सांगेन, विकत घ्यायच्या आधी आठवडाभर टॉवेल वापरा, फुकट आहे. काही कुत्री मागून उचललं की बसकणच मारतात, मग साडेबाराशेचा पट्टा खुंटीला. आमच्याने पहिल्या दिवशी मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की काय हा आगाऊपणा, पण चालला.

पट्टा मागवला १२ जून २०२५ ला रात्री. १३ ला सकाळी उठतोय तर इस्रायलने इराणवर हल्ला केलेला. इतर वेळी मी बातम्या ऐकून चहा घेतला असता, पण मुलाची शिप तेव्हा फुजैराच्या बाहेर नांगर टाकून उभी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फुजैरा म्हणजे होर्मुझच्या तोंडाबाहेरचं बंदर, आणि होर्मुझ म्हणजे जगातलं साधारण पाचव्या हिश्श्याचं तेल जिथून तेव्हा जात होतं ती चिंचोळी वाट, सगळ्यात अरुंद ठिकाणी ३३ किलोमीटर. मी तिथून कितीदा गेलोय त्याचा हिशोब नाही, त्यामुळे टीव्हीवर नकाशा दाखवून ओरडणाऱ्या माणसापेक्षा मला जरा जास्त घाम फुटत होता. फोनवर दोन खिडक्या उघड्या, एकीत जहाजं दाखवणारं ॲप, दुसरीत कुरिअरचं ट्रॅकिंग. ही म्हणाली, अहो तो पट्टा येईल तेव्हा येईल, पोराचं बघा आधी. मी म्हटलं दोन्ही माझ्या हातात नाही. २२ तारखेला अमेरिकेने बाँब टाकले, इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करायचा ठराव केला, त्या दिवशी पार्सल कोल्हापूरला पोचलं. २४ ला युद्ध थांबलं. पार्सल तेव्हाही कोल्हापूरलाच. २६ ला आंबा घाट उतरून आलं एकदाचं, बारा दिवसांत अख्खं युद्ध उरकलं आणि यांना एक घाट उतरायला चार दिवस. डिलिव्हरीचा एक तारा इथेच कापला.

आता वस्तूबद्दल. पोटाखाली येणारी रुंद गादी, दोन बाजूंनी वर येणारे पट्टे, वर एकच हँडल, ते लांब-आखूड करता येतं. शिवण मजबूत, २२ किलो सहज पेलते, हँडलला आत स्पंज आहे त्यामुळे हाताला रुतत नाही. इथवर पैकीच्या पैकी.

पण ज्याने डिझाइन केलंय त्याच्या घरात नर कुत्रा नसणार. गादी बरोब्बर जिथे यायला नको तिथे येते. पहिल्या सकाळी सारंगने नेहमीच्या माडाशी उभं राहून जे केलं ते सगळं आतल्या लोकरीसारख्या कापडाने पिऊन टाकलं, आणि आतलं कापड एकदा भिजलं की आमच्याकडच्या जून-जुलैत ते वाळतंय कशाला. तिसऱ्या दिवशी वास, दहाव्या दिवशी बुरशीचे काळे ठिपके, आणि याच्या जांघेत लाल चट्टे. शेवटी बाजारात छत्र्या दुरुस्त करणारे काका बसतात त्यांच्याकडे नेला, पुढच्या बाजूने अर्धचंद्रासारखी खाच कापून घेतली, आतलं लोकरीचं कापड उसवून टाकलं आणि त्या जागी छत्रीचं कापड दुमडून मारून घेतलं. काकांनी ऐंशी रुपये घेतले आणि कोणाच्या मापाचं आहे हे दोनदा विचारलं. तेव्हापासून फडक्याने पुसला, पंख्याखाली टांगला की तासाभरात कोरडा. कंपनीला हे सुचू नये याचा मला राग आहे. मादी असेल तर ही अडचण येणार नाही.

व्हेल्क्रोसुद्धा बिनकामाचा. केस आणि सुरुबनातली कुसळं त्यात अशी बसतात की पंधरा दिवसांत तो कशालाच चिकटत नाही. मी जाळं विणायच्या सुईने नायलॉनच्या दोरीचे दोन फास बसवले, जहाजावर शिकलेलं कुठे तरी उपयोगी पडलं. आणि मापाचं बघा, मीडियम-लार्ज असलं काही वाचू नका, ते सगळं लॅब्राडोरच्या हिशोबाने, आपल्या गावठी कुत्र्याची कंबर बारीक आणि छाती खोल असते. टेप घेऊन कंबर मोजा. दिवसभर घालूनही ठेवू नका, फिरून आलं की काढायचा.

हँडलची उंची हा खरा मुद्दा आहे. मागचे पंजे जमिनीला टेकले पाहिजेत, वजन त्याचं त्यानेच घ्यायचं, आपण फक्त तोल धरायचा. जास्त उचललं की हातगाडी होते, पुढचे पाय पळतात आणि मागचे हवेत. पहिल्या आठवड्यात मी तेच करत होतो. रस्त्याकडेला वाडीतले एक भाऊ उभे होते, म्हणाले, काय वो, शिमग्याला अजून टाइम हाय, पालखी आत्ताच काढलीत? तेव्हापासून वाडीत सगळे विचारतात, पालखी कुठवर आली.

पालखी रोज घरापासून सुरुबनाच्या कडेपर्यंत जाते, तीनशे मीटर असेल, जायला चाळीस मिनिटं. खिशात रेडिओ. अख्ख्या बातम्या होतात, हवामान होतं, तरी आम्ही नारळ संशोधन केंद्राच्या कुंपणापाशीच असतो कारण तिथल्या प्रत्येक खांबाची सारंगला चौकशी करायची असते. नाक अजून शाबूत आहे. डोळ्यांत निळसर झाक आलीय, कान गेल्यात जमा, पण काल रात्री इथून कोण गेलं हे त्याला माझ्या रेडिओपेक्षा जास्त कळतं. पूर्वी हाच रस्ता मी वीस मिनिटांत जाऊन-येऊन करायचो आणि रस्त्याकडेला काय आहे ते मला माहीतही नव्हतं.

रात्रीचं मात्र पट्ट्याने काही होत नाही, तशी कोणी अपेक्षा ठेवू नका. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारखाच विसरभोळेपणा येतो, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. आता रोज पहाटे तीनला उठून घरभर फेऱ्या. एका रात्री फ्रीज आणि भिंतीच्या फटीत शिरला, रिव्हर्स घ्यायचं विसरला, आणि तसाच भिंतीला नाक लावून उभा. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझमध्ये ते ४०० मीटरचं एव्हर गिव्हन आडवं अडकलं होतं ना, सहा दिवस, मागे जहाजांची रांग, तसं आमच्या स्वयंपाकघराचं झालं, ही चहाला उठलेली ती दारात अडकली. सुएझला भरतीची वाट बघावी लागली, इथे पट्टा घातला आणि अलगद मागे ओढला. तेवढ्यासाठी अर्धा तारा परत.

बाहेर सोडून झोपावं तर बिबट्या. म्हातारं कुत्रं म्हणजे त्याला ताटात वाढल्यासारखं. म्हणून तीन ते पाच आम्ही दोघं पडवीत, ग्रिल लावून, तो फेऱ्या मारतो आणि मी ॲपवर जहाजं बघतो. नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर जहाज पकडलं तेव्हापासून ही सवय. त्यावरचे २५ खलाशी १४ महिन्यांनी, २०२५ च्या जानेवारीत सुटले. चौदा महिने, आणि टीव्हीवर त्यांच्याबद्दल किती मिनिटं बोलले असतील? तेलाचे भाव मात्र रोज सांगायचे. मुलाची शिपही मधे लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून गेली, दहा-बारा दिवस जादा, तेव्हा ही रोज रात्री विचारायची कुठे आहे, आणि मी सांगायचो केपला आहे, लाटा आहेत पण मिसाइल नाहीत.

पट्ट्यासोबत त्याच कंपनीने सांध्यांच्या पावडरचा डबा गळ्यात मारला, त्याचंही दोन ओळीत सांगतो. आत काय, तर न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांची पावडर. आता हे शिंपले म्हणजे आपल्या शिनाण्यांचे सख्खे भाऊबंद. खडकावरची शिनाणी काढून आणणारा माणूस आमच्या दारावरून जातो आणि आम्ही अर्ध्या जगापलीकडची पावडर नऊशे रुपयांना घेतोय. फरक म्हणाल तर मला दिसला नाही, सारंगला चव आवडली. दुसरा डबा घेतला नाही.

गोळीच्या बाबतीत मात्र गंमत नको. अनेक जण सांगतात, आपल्या गुडघ्याची गोळी अर्धी द्या. देऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जातं. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासून मग मेलॉक्सिकॅम सुरू केलं, जेवणावरच द्यायचं. त्यांनी सहज सांगितलं की गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक द्यायचे, ती मेलेली गुरं खाऊन देशभरातली गिधाडं जवळजवळ संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं आणि मेलॉक्सिकॅम पुढे आलं. श्रीवर्धनच्या बाजूला माडांवर गिधाडांची घरटी असतात हे मी ऐकून होतो, पण त्यांचा आणि सारंगच्या गोळीचा असा संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

मुलगा आला २७ ऑगस्टला, गणपतीच्या दिवशीच. त्याच दिवसापासून भारतीय मालावर अमेरिकेचा ५० टक्के टॅरिफ लागू झाला होता, आरतीला आलेल्यांत कोळंबीच्या धंद्यातले दोघं होते, माल सगळा अमेरिकेला जातो, त्यांचं सुखकर्ता दुःखहर्ता त्या दिवशी जरा जास्तच मनापासून. सारंग मुलावर भुंकला. चांगला पाच मिनिटं, गुरगुरून. मग त्याने बूट काढले, बुटात नाक घालून हा बराच वेळ उभा राहिला आणि तिथेच बुटावर झोपला. दुसऱ्या दिवशी मुलाने हौसेने पट्टा धरला आणि हातगाडीच केली, तरणा माणूस, त्याला तीनशे मीटर म्हणजे तीन मिनिटं. कुंपणापाशी सारंग बसला तो उठेना. मी म्हटलं, बाबा, इथे हाफ अहेड नाही, डेड स्लो. त्याला बरोबर कळलं, शेवटी इंजिनरूमचीच भाषा.

एकूण साडेतीन तारे. कंबरदुखी असलेल्या माणसाने जरूर घ्यावा, पण खाच कापायची तयारी ठेवून.

आणि बक्कल. ऑक्टोबरमध्ये ते फुटलं, प्लास्टिक आहे, खाऱ्या हवेत आणि उन्हात असंच होणार. कंपनी म्हणते सुटं बक्कल मिळत नाही, नवा पट्टा घ्या. माळ्यावर मुलाचं जुनं दप्तर होतं त्याचं काढावं म्हणून चढलो, तर त्याचं बक्कल सारंगने २०११ लाच चावून ठेवलेलं. मग रामआळीत वीस रुपयांना नवीन घेतलं. २५ मिलिमीटरचं बसतं, पण पट्टी मोजून जा.