मुलीचं नाव काय ठेवावं, सई की जिजा?

दोन्ही नावं शिवकाळातली. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, शिवरायांच्या पहिल्या पत्नी. १६५९ साली राजगडावर वारल्या तेव्हा संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे. जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांच्या.

पुढे ‘बाई’ गळालं आणि सई आधी रुळली. छोटं, मऊ, गॅलरीतून हाक मारायला झकास! आता बालवाडीत ‘सई’ म्हटलं की दोघी वळतात. रोमन लिपीत मात्र तिची ‘साई’ होते, आणि हैदराबादेत साई म्हणजे बहुधा मुलगा.

जिजा घरोघरी यायला वेळ लागला. आजीचं नाव वाटायचं. मला तेच आवडतं, ठसका आहे त्यात. फक्त बदली दिल्लीकडे होणार असेल तर सई ठेवा, नाहीतर पोरीला वर्गभर ‘जीजाजी’ ऐकावं लागेल.