ऑल-इन्क्लुझिव्ह बीच रिसॉर्टमध्ये लग्नाचा वाढदिवस: बेळगावकरांसाठी वापरानंतरचा अनुभव

कोलवा, वार्का, कावेलोसिम या दक्षिण गोव्याच्या पट्ट्यातलं ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज (म्हणजे खोली, जेवणं, स्नॅक्स आणि बार एकाच भाड्यात) पावसाळ्यात, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात वापरून झाल्यावर मत पक्कं झालंय. पॅकेज चांगलं आहे, पण तीन रात्रींपेक्षा कमी घेऊ नये, आणि दोघांपैकी कुणीच पीत नसेल तर घेऊच नये.

हिशोब बघा. समजा टॅक्ससकट ऑल-इन्क्लुझिव्ह रात्रीला 16,000 आणि तीच खोली फक्त नाश्त्यासह, म्हणजे सीपी प्लॅनवर, 9,500. फरक 6,500. चेक-इन दुपारी 2 ला, चेक-आउट सकाळी 11 ला. त्यामुळे दोन रात्रींत हाताला लागतात तीन जेवणं. 13,000 भागिले तीन, म्हणजे दोघांचं एक जेवण 4,300 च्या वर पडलं. तीन रात्री राहिलात तर जेवणं पाच होतात आणि मधले दोन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत बार, स्नॅक्स, चहा सगळं वापरता येतं. तिथे पैसे वसूल होतात.

बुकिंगच्या वेळी रेटपुढे 'प्लस टॅक्सेस' आहे का ते विचारा. रात्रीचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेलं की 18. दारू जीएसटीत येत नाही, म्हणून बिलात तिची ओळ वेगळी दिसू शकते. ती आधीच्या रकमेत धरली आहे की वर लावली आहे, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं चेक-आउटला उपयोगी पडत नाही.

खरी अडचण तारखेची. आपल्याकडचे मुहूर्त बहुतेक मे आणि डिसेंबरचे, म्हणजे वाढदिवसही नेमके त्याच दिवसांत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रेट चढतात आणि 24 व 31 ला गाला डिनरचे पैसे बऱ्याच ठिकाणी सक्तीने लागतात. मे अखेरीस समुद्र खवळायला लागतो, जूनपासून वॉटर स्पोर्ट्स बंद. देवाला नमस्कार, घरचं गोडधोड तारखेलाच करावं; रिसॉर्ट मात्र जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवसांत गाठावं. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी वार आधीच बघावेत, नाहीतर मासळीचा एक अख्खा दिवस जातो.

मासळीबद्दल थोडं सविस्तर. बुफेतला सुरमईचा रवा फ्राय झाकणाखाली वाफ धरतो आणि वीस मिनिटांत रवा ओला होऊन सुटतो. काउंटर उघडताच जा, किंवा शेफला सरळ सांगा, "दोन तुकडे तव्यावरून द्या." बहुतेक देतात. हुमण, म्हणजे गोव्याची माशांची आमटी, मात्र उशिरा गेलात तरी चांगलंच लागतं, उलट मुरतं. टायगर प्रॉन्स आणि लॉबस्टर पॅकेजमध्ये जवळजवळ कधीच नसतात. वजनावर लावतात, तेव्हा ऑर्डरआधी तराजूवरचं वजन आणि भाव दोन्ही विचारा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्या काळात मोठी मासळी बहुधा बर्फातलीच. पावसाळी पॅकेज स्वस्त मिळतं, पण मासळीसाठी घेऊ नये.

बारमध्ये देशी ब्रँड पॅकेजमध्ये, इम्पोर्टेड बाहेर, खोलीतला मिनीबार बहुतेक बाहेरच. पेग 30 मिलीचा की 60 चा, ते एकदा विचारून घ्या. मार्च ते मे गेलात तर उराक मागा. काजूच्या बोंडांची ही पहिल्या धारेची दारू त्या हंगामापुरतीच मिळते. घेतल्यावर समुद्रात उतरू नये. लाल झेंडा असेल तर न घेताही उतरू नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते.

लग्नाची तारीख बुकिंगलाच कळवा. केक, पलंगावरची फुलांची सजावट बहुधा फुकट मिळते. केक एगलेस हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा. गुलाबाच्या ओल्या पाकळ्या फिकट कपड्यांवर डाग पाडतात, म्हणून बसण्याआधी चादर झटकून घ्या. किनाऱ्यावरच्या कँडल लाइट डिनरचे पैसे बहुतेक वेगळे, आणि वाऱ्याने मेणबत्ती टिकत नाही, ताटात वाळू येते. बागेतलं टेबल मागा. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी निसटते. ती आणि मंगळसूत्र खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवून मगच पाण्यात जा. जरीच्या साडीला खारी हवा मानवत नाही, सुती न्या.

रस्ता: दक्षिण गोव्यासाठी खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले, फोंडा, मडगाव हा सोयीचा. पणजीकडे जाणाऱ्यांना जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. पावसाळ्यात दोन्ही घाटांत धुकं आणि दरडी. अंधारात निघू नका. पहाटे निघून दहाला पोचण्यात अर्थ नाही, खोली तयार नसते. घरून नाष्टा करून आठ-नऊला निघालात तर वाटेत थांबूनही वेळेवर पोचता. रेल्वेने जायचं तर गोवा एक्सप्रेस बेळगावहून लोंढा, कुळेमार्गे मडगावला जाते.

परतताना गाडीत गोव्याची बाटली ठेवू नका. 'फॉर सेल इन गोवा ओन्ली' लिहिलेला माल कर्नाटकात चालत नाही, आणि अबकारी नाक्यावर डिकी उघडायला लावतात.