महाराजांचं जहाज मी ६२ हजारांना घेतलं

आधीच कबूल करतो, तारखा मला पाठ होत्या. तरी फसलो.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी कुणाला सांगावी लागत नाही. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून ब्रँडी न् सिगार फिरवणारी. पाहुणा आला की आपण पहिली तीच दाखवायला नेतो. मला जहाजांच्या मॉडेलांचा नाद आहे हे इथल्या बाड्याच्या चौकात चार लोकांना माहीत. त्यांच्यातल्याच एकाची ओळख सांगत तो घरी आला. पंचेचाळिशीचा, आपल्यातलाच, वाकून नमस्कार करणारा. "काका, ग्वाल्हेरात हे फक्त तुम्हाला कळेल," म्हणत त्यानं जुन्या चादरीची गाठ सोडली.

आत ‘नाहलिन’ या जहाजाचं मॉडेल. मी तिला पाहताक्षणी ओळखलं, आणि तिथंच माझं निम्मं काम तमाम झालं. १९३० साली स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला, जॉन ब्राऊनच्या गोदीत बांधलेली वाफेची यॉट. ३०० फूट लांब, पांढरीशुभ्र, एक धुराडं, दोन डोलकाठ्या. बांधून घेतली लेडी यूल यांनी. त्यांच्या नवऱ्याचा सगळा पैसा कलकत्त्याच्या व्यापारातला, मुख्यतः ज्यूटचा. म्हणजे बंगालच्या तागावर तरंगलेलं जहाज म्हणा ना. १९३६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड मिसेस सिम्पसनला घेऊन याच यॉटवर फिरला आणि डिसेंबरात गादी सोडून मोकळा झाला. हे सगळं मीच त्याला सांगत बसलो. तो मान डोलावत ऐकत होता. आता वाटतं, पुढच्या गिऱ्हाइकासाठी पाठ करत असावा.

त्याची गोष्ट अशी: गोदीवाल्यांनी हे मॉडेल ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांना भेट पाठवलं, महाराजांनी त्याच्या पणजोबांना बक्षीस दिलं. तळाच्या फळीवर पितळी पट्टी, तिच्यावर ‘१९३०, स्केल १:१००’. मला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. पहिल्या महायुद्धात याच महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे आख्खं जहाज विकत घेऊन त्याचं ‘लॉयल्टी’ नावाचं इस्पितळ-जहाज केलं होतं. ज्यांच्या टेबलावर आगगाडी आणि समुद्रात जहाज, त्यांच्याकडे एक मॉडेल नसेल?

हिनं आतून विचारलं, "अहो, पण पावती?" तो लगेच म्हणाला, "काकू, ॲन्टिक आहे, १९७२ चा कायदा. कागद केला तर उद्या सरकारी माणूस दारात." त्या कायद्यात पुरावस्तू व्हायला वस्तूला शंभर वर्षं लागतात, १९३० च्या वस्तूला ती झालेली नाहीत. हेही मी नंतर वाचलं. मागितले नव्वद, ठरले ६२. बावीस हजार फोनवरून पाठवले, चाळीस रोख मोजून दिले. जाताना त्यानं गजकचा, म्हणजे तिळाच्या मिठाईचा, डबा ठेवला. गजक मात्र खरी होती.

रात्री मॉडेल पुसायला घेतलं. धुराड्याजवळचा डेक किंचित हलत होता म्हणून भिंग लावून पाहिलं. चार कोपऱ्यांना चार स्क्रू, आणि चारही स्टार स्क्रू. डोक्यावर फुली असलेले हे स्क्रू अमेरिकेत बाजारात आले तेच १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर. मग सगळंच दिसायला लागलं. रेलिंगच्या प्रत्येक दांडीच्या बुडाशी पांढुरका धूर बसल्यासारखा डाग. घरी फेविक्विक वापरलेल्या कुणालाही तो कळेल. तसला गोंद बाजारात यायला १९५८ उजाडलं. शेजारच्या दुकानातून नोटा तपासायचा दिवा आणला, तर डोलकाठ्यांचे दोरे नव्या बनियनसारखे निळे चमकले, म्हणजे दोरेही नवेच. टेप लावली: ६८ सेंटीमीटर. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर, तेव्हा १:१०० ला ९१ सेंटीमीटर तरी हवेत. आणि पुढच्या टोकाला पिसांचा टोप घातलेला रेड इंडियन सरदार असायला हवा, तिथं कुठल्याशा परीचा पुतळा चिकटवलेला.

पण स्क्रू, गोंद, टेप ही नंतरची हुशारी. दारातच विचारायला हवं होतं ते वेगळं. माधवराव महाराज पॅरिसला वारले १९२५ साली. १९३० मध्ये त्यांचे चिरंजीव जिवाजीराव चौदा वर्षांचे, कारभार कौन्सिलकडे. मग हे जहाज बक्षीस दिलं कुणी? शाळेपासून पाठ असलेली सनावळी, आणि त्या पाऊण तासात एकदाही तोंडावर आली नाही.

फोन बंद. ओळख देणारा म्हणतो, मी त्याला मेळ्यात एकदाच भेटलो होतो. सायबर तक्रारीचा नंबर लावला. तो नंबरसुद्धा १९३०, आता हसायचं का रडायचं. बावीस हजारांची तक्रार नोंदवून घेतली. चाळीस हजार दिल्याचा पुरावा म्हणाल तर ही, आणि गजकचा रिकामा डबा.

गेल्या आठवड्यात बडोद्याच्या मावसभावानं फोटो पाठवला: "दादा, तुझ्या आवडीची वस्तू आलीये, घेऊ का?" तीच यॉट, तीच परी, तशीच पितळी पट्टी. फक्त आता ती सयाजीराव महाराजांची होती. ते १९३९ पर्यंत होते, म्हणजे गड्यानं या खेपेला सनावळी बघितली आहे. फोटो मोठा करून डेक पाहिला. स्क्रू अजून स्टारच आहेत.