मायकोबँक : पानांवरच्या जीवाश्म बुरशीला नाव देण्यापूर्वी

जीवाश्म पानांच्या क्यूटिकलवर (पानावरील पातळ मेणचट आवरणावर) आढळणाऱ्या बुरशींचे वर्णन करणारे बहुतेक जण मुळात वनस्पतिजीवाश्मांचे किंवा परागकणांचे अभ्यासक असतात, आणि म्हणूनच बुरशीच्या नावांना लागू असलेला एक स्वतंत्र नियम त्यांच्या नजरेतून निसटण्याची शक्यता अधिक असते. १ जानेवारी २०१३ पासून बुरशीचे कोणतेही नवे नाव, मग ती बुरशी जिवंत असो वा जीवाश्म, मान्यताप्राप्त नोंदणी भांडाराने दिलेला क्रमांक मूळ लेखात छापलेला नसेल तर वैधपणे प्रकाशित झाले असे मानले जात नाही. अशी भांडारे तीन आहेत : मायकोबँक, इंडेक्स फंगोरम आणि बीजिंगचे फंगल नेम्स. त्यांपैकी २००४ पासून सुरू असलेल्या, नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील वेस्टरडाइक संस्थेशी निगडित मायकोबँकेचा हा परिचय केवळ जीवाश्मांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने केला आहे.

सेवा विनामूल्य आहे, आणि एखादे नाव आधी कोणी वापरले आहे का, कोणी व कोणत्या साली प्रकाशित केले, हे तपासण्यासाठी ती उत्तम आहे. स्कॉटलंडच्या मल बेटावरील जीवाश्मावरून एडवर्ड्स यांनी १९२२ मध्ये स्थापिलेली फ्रॅग्मोथायराइट्स किंवा डिल्चर यांनी पश्चिम टेनेसीतील इओसीन काळातील पानांवरून १९६५ मध्ये वर्णिलेली कॅलिमोथॅलस या प्रजातींचा (genus, म्हणजे जातीच्या वरच्या गटांचा) मागोवा घेताना जुन्या अंकांची चळत उपसण्याचे बरेच श्रम वाचतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रत्नागिरी थरांतून सक्सेना आणि मिश्रा यांनी १९९० मध्ये वर्णिलेल्या प्रजातीच्या नावात तर रत्नागिरीच आहे. कोकणातील लिग्नाइटवर काम करणाऱ्याने आपला नमुना नवा म्हणण्यापूर्वी तिचे मूळ वर्णन पाहिलेच पाहिजे.

मात्र ही सेवा नावे सांभाळते, नमुने ओळखून देत नाही. पानावर चिकटलेल्या चपट्या, ढालीसारख्या फळकायेत (बुरशीच्या बीजाणू धरणाऱ्या भागात) पेशींच्या अरीय, म्हणजे मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या, रांगा आहेत, प्रत्येक पेशीला एकेक छिद्र आहे, मध्यभागी मुखछिद्र नाही आणि सुटे कवकतंतू (बुरशीचे धागे) देखील नाहीत, एवढे सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिल्यावरच कॅलिमोथॅलसचा विचार करता येतो. पेशी सच्छिद्र नसतील तर दिशा फ्रॅग्मोथायराइट्सकडे वळते. हा निवाडा मूळ वर्णने आणि छायाचित्रे शेजारी ठेवूनच करावा लागतो. त्यातही कोवळ्या आणि पक्व फळकाया एकाच पानावर सापडल्या, तर त्यांना दोन जाती समजण्याचा मोह आवरावा, कारण मध्यभाग फुटण्यापूर्वीची आणि फुटल्यानंतरची अवस्था अगदी वेगळी दिसू शकते. शिवाय अशी ढालीसारखी फळकाया बुरशींच्या उत्क्रांतीत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झालेली असल्यामुळे, नोंदीत दिसणारे कुल (family) हे नात्याचा पुरावा नसून वर्गीकरणाचे एक मत आहे असेच धरून चालणे शहाणपणाचे ठरेल.

नोंदणी करताना प्ररूपाची, म्हणजे नाव ज्याच्याशी कायमचे बांधलेले असते त्या आधाराची, माहिती सर्वांत काळजीपूर्वक भरावी. जीवाश्म जातीचे प्ररूप नेहमी प्रत्यक्ष नमुनाच असावा लागतो, चित्र चालत नाही. आणि आपल्या विषयात तो नमुना म्हणजे पुष्कळदा काचपट्टीवरचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा ठिपका. म्हणून संग्रहाचे नाव, काचपट्टीचा क्रमांक आणि पट्टीवरील नेमके स्थान तिन्ही द्यावे, कारण एकाच पट्टीवर अशा अनेक फळकाया असतात आणि पुढच्या अभ्यासकाला त्यांतली नेमकी एकच शोधायची असते. थर, भूवैज्ञानिक काळ आणि ओळखता आले असल्यास आश्रयी वनस्पतीचे नाव वर्णनातच लिहावे.

क्रमांक मिळाला म्हणजे नाव वैध झाले, हा समज मात्र चुकीचा आहे. लॅटिन किंवा इंग्रजी वर्णन, चित्र आणि रीतसर प्रकाशन या अटी तशाच राहतात (मराठीतले वर्णन कितीही नेमके असले तरी एकटे पुरत नाही, याची खंत वाटते). नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची शिफारस अशी आहे की लेख स्वीकारला गेल्यावर शक्य तितक्या लवकर नोंदणी करावी, आणि ती पाळणे सोयीचेही आहे, कारण परीक्षकाच्या सांगण्यावरून प्रजाती बदलावी लागली तर आधी घेतलेला क्रमांक कधीही न छापलेल्या नावाशी अडकून पडतो.