ट्रक सिम्युलेटरसाठी स्टीअरिंग व्हील: सोलापुरातल्या घरात कोणते योग्य ठरेल?

युरो ट्रक सिम्युलेटर २ किंवा अमेरिकन ट्रक सिम्युलेटर आजवर कीबोर्डवर खेळलेल्या आणि आता स्टीअरिंग व्हील घ्यायचे मनात आणलेल्या मंडळींसाठी ही तुलना लिहीत आहे. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने पहिला खेळ ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि दुसरा फेब्रुवारी २०१६ मध्ये बाजारात आणला. दोन्ही खेळांत त्यानंतर सातत्याने नवे प्रदेश आणि नव्या गाड्या येत राहिल्या, त्यामुळे व्हीलवर घातलेले पैसे चार महिन्यांत वाया जातील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण असते ती निवडीची. व्हीलविषयी जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा शर्यतीच्या खेळांना धरून दिलेला असतो आणि त्यात मोटरची ताकद व ब्रेकची अचूकता यांनाच सारे वजन असते. ट्रकला मात्र स्टीअरिंग किती फेरे फिरते, क्लचचे पेडल मिळते का, गिअरची दांडी टेबलावर कोणत्या बाजूला बसते आणि सलग दोन-तीन तास चालवल्यावर खांदे भरून येतात का, हे आधी पाहावे लागते.

स्टीअरिंगच्या फेऱ्यांचे महत्त्व मला माझ्या मामांमुळे समजले. मामा बरीच वर्षे सोलापूर–हैदराबाद मार्गावर मालट्रक चालवतात आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचा माल भरून नेतात. एका रविवारी ते माझ्या टेबलाशी बसले आणि ट्रेलर मागे घेऊन गोदामाच्या धक्क्याला लावण्याचे काम त्यांनी हौसेने हातात घेतले. त्यांचे दोन्ही हात सवयीने एकमेकांवरून सरकत होते. एक फेरा झाला, दुसरा झाला, आणि तिसरा अर्ध्यावर असताना चाक टक्कन अडले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे लगेच संपतंय की रे. आमच्या गाडीला अजून दोन फेरे मारावे लागतात." ते व्हील लॉजिटेकचे जी२९ होते आणि ते ९०० अंशांत, म्हणजे अडीच फेऱ्यांत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते.

मामांना ९०० अंश अपुरे वाटले, यावरून १८० अंशांच्या व्हीलची कल्पना करता येईल. पीएक्सएनचे व्ही३ प्रो हे स्वस्तातले व्हील एवढेच फिरते. खेळातल्या ट्रकची पुढची चाके जेवढी वळायची तेवढी वळतातच, फक्त तेवढे वळण ९०० ऐवजी १८० अंशांत बसवावे लागते. म्हणजे हाताची तेवढीच हालचाल पाचपट परिणाम करते. सरळ महामार्गावर शिंक आली तरी गाडी शेजारच्या लेनमध्ये जाते आणि ट्रेलर मागे घेणे तर नशिबावर सोडून द्यावे लागते. म्हणून ट्रकसाठी ९०० अंश ही खालची मर्यादा धरावी, त्याखाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जी२९, जी९२० आणि जी९२३ ही तिन्ही लॉजिटेक व्हील्स ९०० अंशांची आहेत आणि थ्रस्टमास्टरचे टी२४८ हेही तेवढेच फिरते. थ्रस्टमास्टरचीच टी१५० आणि टी३००आरएस ही १०८० अंश, म्हणजे पूर्ण तीन फेरे फिरतात. होरी कंपनीने खास ट्रकसाठी बनवलेला संच १८०० अंश फिरतो. पूर्ण पाच फेरे देणाऱ्या या व्हीलवर मामांचे समाधान झाले असते. मात्र एक सांगायला हवे. ९०० वरून १०८० वर गेल्याने पडणारा फरक जेमतेम जाणवतो, १८० वरून ९०० वर गेल्याचा फरक पहिल्या वळणालाच कळतो. त्यामुळे केवळ १८० अंश जास्त मिळतात म्हणून टी१५० घ्यावे, असे मी कोणाला सांगणार नाही.

आता मोटरविषयी. व्हील हाताला उलटा जोर देते त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात आणि तो देण्याच्या तीन रीती आहेत. लॉजिटेकमध्ये दोन मोटर दातेरी चाकांमार्फत जोर पोहोचवतात, टी३००आरएसमध्ये पट्टा असतो, टी१५० आणि टी२४८ मध्ये दाते व पट्टा यांचे मिश्रण असते, आणि मोझासारख्या कंपन्यांच्या व्हील्समध्ये स्टीअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसते. मोझाच्या आर५ चा जोर ५.५ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचे माप) आहे, लॉजिटेकचा सुमारे २. शर्यतीत ही तफावत निर्णायक ठरते, ट्रकमध्ये तशी ठरत नाही. खऱ्या ट्रकला पॉवर स्टीअरिंग असते आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे नव्या गाड्यांचे स्टीअरिंग एका बोटाने फिरते, मग आपण घरी हाताशी कुस्ती कशासाठी खेळायची? ट्रकमध्ये मोलाचा असतो तो मध्यभागातला बारकावा. ताशी ८०–९० किलोमीटरने सरळ जाताना हात सतत एक-दोन अंशांच्या दुरुस्त्या करत असतात, आणि दातेरी व्हीलमध्ये नेमका तिथेच थोडा सैलपणा जाणवतो. पट्ट्याच्या आणि थेट मोटरच्या व्हीलमध्ये तो जवळजवळ नसतो. याशिवाय दातेरी व्हीलचा आवाज होतो. खडबडीत रस्त्यावर जी२९ खडखडते, आणि घरात एकाच खोलीत सगळे झोपत असतील तर रात्री अकरानंतर फोर्स फीडबॅक निम्म्यावर आणावा लागतो. मी तसाच आणतो.

पीएक्सएनच्या व्ही९ मध्ये मात्र फोर्स फीडबॅक मुळीच नाही, फक्त थरथर आहे. वेष्टनावरचे चित्र पाहून या दोहोंत गल्लत होते आणि पैसे गेल्यावर ती कळते. त्याच कंपनीच्या व्ही१० मध्ये खरा फोर्स फीडबॅक आहे.

पेडल आणि गिअर यांवर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण ट्रकची खरी गंमत तिथे आहे. खेळात गिअर आपोआप बदलू देता येतात, परंतु ज्याला वीस टनांचा माल घेऊन चढावर क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा आहे त्याला तीन पेडल आणि दांडी हवीच. जी२९ आणि टी२४८ यांच्यासोबत तीन पेडल येतात. साध्या टी१५० सोबत दोनच येतात आणि तीन हवी असल्यास प्रो आवृत्ती घ्यावी लागते. मोझा आर५ च्या मूळ संचातही दोनच पेडल असतात, क्लच वेगळा विकत घ्यावा लागतो. गिअरच्या दांडीचा हिशेब उलटा आहे. पीएक्सएनच्या व्ही९ आणि व्ही१० यांच्यासोबत दांडी खोक्यातच मिळते, तर लॉजिटेक आणि थ्रस्टमास्टर दोघेही ती स्वतंत्र विकतात. म्हणून जी२९ ची किंमत पाहताना दांडीची किंमत मनातल्या मनात धरूनच तुलना करावी, नाहीतर महिन्याभरात दुसरा खर्च उभा राहतो.

लॉजिटेकच्या दांडीला सहा गिअर आणि एक रिव्हर्स आहे. दांडी खाली दाबून मग रिव्हर्स टाकायचा असतो. युरोपातल्या ट्रकला बारा किंवा त्याहून अधिक गिअर असतात. ते सहा खाचांत कसे बसवायचे, हा प्रश्न नवख्या माणसाला हमखास पडतो. खऱ्या गाडीत दांडीच्या मुठीवर एक खटका असतो, तो वर केला की त्याच सहा खाचा सातवा ते बारावा गिअर म्हणून काम करतात. खेळात ही सोय आहे, परंतु लॉजिटेकच्या मुठीवर खटका नाही, त्यामुळे ते काम स्टीअरिंगवरच्या एखाद्या बटणाला द्यावे लागते. दोन दिवस हात चुकतो, मग अंगठा आपसूक तिथे जातो. थ्रस्टमास्टरची टीएच८ए ही दांडी जास्त भक्कम आहे आणि ती यूएसबीने थेट संगणकाला जोडता येते, म्हणून ती दुसऱ्या कंपनीच्या व्हीलसोबतही चालते. लॉजिटेकची दांडी मात्र लॉजिटेकच्याच व्हीलला जोडायची असते.

इथे आपल्याकडच्या माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशी सल्ल्यात दांडी उजवीकडे बसवलेली असते, कारण तिथले स्टीअरिंग डावीकडे असते. युरो ट्रकच्या मूळ नकाशात ब्रिटन आहे, तिथे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात आणि उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेली केबिनही घेता येते. मी तीच केबिन घेतो आणि दांडी टेबलाच्या डाव्या बाजूला बसवतो. मामा बसले तेव्हा त्यांचा डावा हात न पाहताच तिसऱ्या गिअरवर गेला. ज्याला पुढेमागे खरी गाडी शिकायची आहे त्याने तरी ही मांडणी करावी. त्यासाठी व्हीलच्या डावीकडे टेबलाची एक वीतभर कड मोकळी हवी, ती आधी मोजून घ्यावी.

बटणांबाबत थोडक्यात सांगतो. ट्रकला इंडिकेटर, डिपर, वायपर, हँडब्रेक, इंजिन ब्रेक, रिटार्डर (उतारावर वेग आवरणारा जादा ब्रेक), क्रूझ कंट्रोल एवढे तरी हाताशी लागते. टी२४८ वर २५ बटणे आहेत. जी२९ वर मध्यभागी फिरवायची गोल कळ आहे, तिच्यावर मी रिटार्डर आणि क्रूझचा वेग ठेवला आहे. जी९२० वर ही कळ नाही, म्हणून केवळ संगणकावर खेळणाऱ्याने दोहोंपैकी जी२९ घ्यावे.

सोलापूरच्या हवेचा विचार मात्र थोडक्यात उरकता येणार नाही. मे महिन्यात इथे पारा ४२–४३ अंशांवर जातो आणि दुपारी खिडकी उघडी ठेवली तर टेबलावर धुळीचा थर बसतो. जी२९ ची पेडल पोटेन्शिओमीटरवर चालतात, म्हणजे आतला एक स्पर्शबिंदू पट्टीवर घासत सरकतो. तिथे धूळ गेली की पाय स्थिर असतानाही पेडलचे माप थरथरू लागते. माझ्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यानंतर हेच झाले. तुळजापूरहून येणाऱ्या रस्त्यावरच्या घाटासारखा एखादा उतार खेळात लागला की पाय क्लचवर नसताना क्लच दाबला जाई आणि इंजिन ब्रेक निसटे. दुरुस्तीसाठी पेडल कुरिअरने बाहेरगावी पाठवली, ती पाच आठवड्यांनी आली आणि दोष तसाच होता. शेवटी नवी पेठेतून आणलेल्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून मी स्वतःच ती साफ केली, आणि आता दर चार महिन्यांनी करतो. टी२४८ ची पेडल चुंबकीय संवेदकावर चालतात, त्यांत घासणारा भागच नाही. आपल्या धुळीत हा फार मोठा गुण आहे. उष्णतेचे म्हणाल तर मोटर तापल्यावर जोर कमी होतो, पण ट्रक चालवताना मोटरवर शर्यतीइतका ताण येत नाही. पंख्याच्या वाऱ्याखाली बसावे आणि व्हीलच्या झरोक्यांवर काही ठेवू नये, एवढे पुरते.

फरशीचेही सांगायला हवे. जी२९ च्या पेडलला गालिच्यात रुतणारे दाते आहेत, परंतु आपल्या घरात शहाबादी फरशी किंवा गुळगुळीत टाइल असते आणि जोरात ब्रेक मारला की पेडल पुढे पळतात. मी आधी खाली जुनी सोलापुरी चादर घडी करून घातली, तेव्हा चादरीसकट पेडल सरकली. मग भिंत आणि पेडल यांच्यामध्ये मापाची लाकडी फळी बसवली, तेव्हापासून ती जागची हललेली नाहीत. टेबल मात्र भिंतीला लागून हवे. मोझासारखे जोरदार व्हील घ्यायचे असेल तर साध्या अभ्यासाच्या टेबलाचा पृष्ठभाग कुरकुरू लागतो, म्हणून लोखंडी स्टँडचा खर्च त्यातच धरावा.

माझ्या पैशांनी आज नव्याने घ्यायचे झाले तर मी टी२४८ घेईन, चुंबकीय पेडलमुळे. गिअरच्या दांडीविना ज्याला चालणारच नाही आणि ज्याचा हात आखडता आहे त्याने पीएक्सएन व्ही१० घ्यावे. एकाच खोक्यात दांडी, तीन पेडल आणि खरा फोर्स फीडबॅक मिळतो, बांधणी लॉजिटेकइतकी सफाईदार नाही हे मान्य करून. जी२९ चांगले मिळत असेल तर ते नाकारण्याचे कारण नाही, कारण त्याचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती सहज सापडते. आर५ त्यांच्यासाठी, जे शर्यतीही खेळतात आणि पुढे मोझाचेच मोठे ट्रक स्टीअरिंग त्यावर चढवणार आहेत. व्ही३ प्रो आणि व्ही९ यांवर पैसे घालण्यापेक्षा दोन महिने थांबून थोडे आणखी साठवावेत.

वापरलेले व्हील घ्यायचे असेल तर लॉजिटेकचे जुने जी२७ अजूनही विचारात घेण्यासारखे आहे, कारण त्याच्यासोबत दांडी आणि तीन पेडल मुळातच येत असत. ते विकणाऱ्याच्या घरी जाऊन, संगणकाला जोडूनच पाहावे. वीज लावल्यावर व्हील स्वतःहून दोन्ही टोकांपर्यंत फिरते आणि मध्ये येऊन थांबते. ते मध्यावर न थांबता तिरके थांबले, किंवा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबले, तर आतली मोजणारी चकती तडकलेली असण्याची शक्यता मोठी. नंतर प्रत्येक पेडल अगदी सावकाश दाबून पडद्यावरची पट्टी उड्या न मारता सरकते का ते बघावे आणि सहाही गिअर दहा-दहा वेळा टाकून पाहावेत. वीज परत येताच व्हील जोरात फिरते, हे घरातल्या लहान मुलांना आधीच सांगून ठेवावे. आरे बोटांवर चांगलेच आदळतात.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरा पूर्ण ९०० वर ठेवावा, आणि खेळात स्टीअरिंगचा फेरा व पडद्यावरच्या स्टीअरिंगचा फेरा हे दोन्ही तेवढेच करावेत, म्हणजे डोळ्यांना दिसणारे आणि हाताला जाणवणारे वळण जुळते. स्टीअरिंग आपोआप मध्यावर आणणारा जोर थोडा वाढवावा, खडबडीचा कमी करावा. पहिली फेरी रिकाम्या गाडीनेच काढावी आणि ट्रेलर मागे घेण्याची घाई आठवडाभर करू नये.