'स्वतः विकसित केलेली प्रणाली' म्हणून विकलेली वेबसाइट

लहान व्यवसायाच्या वेबसाइटसाठी कोणती सीएमएस (म्हणजे साइटचा मजकूर सांभाळण्याची प्रणाली) घ्यावी, यावर सल्ल्यांची कमतरता नाही. आमची फसवणूक नेमकी त्या निवडीच्या आडून झाली, म्हणून तिची पद्धत सविस्तर मांडत आहे. तक्रारीचा निकाल लागायचा असल्याने आम्हाला वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपनीचे नाव देत नाही. शिवाय याच पद्धतीने काम करणाऱ्या इतर कंपन्याही असल्याचे नंतर कानावर आले, त्यामुळे नावापेक्षा पद्धत ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

आमच्यासमोर तेव्हा तीन मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेले, पर्याय होते : २००१ पासून उपलब्ध असलेले ड्रुपल, २००३ मध्ये आलेले वर्डप्रेस आणि २००५ मध्ये मॅम्बो या प्रणालीतून फुटून निघालेले जूमला. त्याशिवाय विक्स किंवा स्क्वेअरस्पेससारख्या, वर्गणी भरून वापरायच्या सेवा होत्या. कंपनीच्या प्रतिनिधीने या सगळ्यांतील उणिवा व्यवस्थित मांडल्या आणि त्यांतली प्रत्येक उणीव निम्मी खरी होती, हे त्याचे कौशल्य म्हणावे लागेल. वर्गणीच्या सेवेवर उभारलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवण्याच्या दुसऱ्या सर्व्हरवर, नेता येत नाही, हे खरेच आहे. वर्डप्रेसच्या साइट्सवर हल्ले होतात, हेही खरे आहे. मात्र ते बहुतेक वेळा जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगइनमधून (जादा सोयींसाठी साइटला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमधून) किंवा कच्च्या पासवर्डमुळे होतात, हा पुढचा भाग त्याने गाळला. 'ज्याचा कोड जगाला दिसतो ते सुरक्षित कसे असेल?' असा प्रश्न टाकून त्याने कंपनीने 'स्वतः विकसित केलेली' सीएमएस पुढे केली. डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर राहील, असे आम्ही लेखी विचारले होते आणि 'ग्राहकाच्या नावावर' असे लेखी उत्तरही मिळाले होते.

बिलात चार ओळी असत : वार्षिक सॉफ्टवेअर परवाना, एसएसएल प्रमाणपत्राची (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राची) खरेदी, डोमेन व होस्टिंग, आणि देखभाल. यांपैकी सर्वांत मोठी रक्कम परवान्याची होती.

पहिली शंका आली ती एका ग्राहकामुळे. आमच्या व्यवसायाचे नाव शोधल्यावर निकालात साइटच्या नावाखाली औषधांच्या जाहिराती दिसतात, असे त्याने कळवले. साइट उघडली की तसे काहीच दिसत नव्हते. शेवटी ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत कोड उघडून पाहिला, तेव्हा तळाशी अनोळखी संकेतस्थळांच्या दुव्यांची लांबलचक रांग सापडली. तो संपूर्ण मजकूर उणे ९९९९ पिक्सेल इतका डावीकडे ढकलून ठेवलेला होता; म्हणजे माणसाला तो पडद्यावर दिसणार नाही, पण शोधयंत्राला वाचता येईल. त्याच कोडमध्ये चित्रांचे आणि फाइल्सचे पत्ते 'डब्ल्यूपी-कंटेंट' या फोल्डरपासून सुरू होत होते. हे फोल्डर वर्डप्रेसचे आहे. ज्या वर्डप्रेसला नावे ठेवून 'स्वतःची प्रणाली' आमच्या गळ्यात मारली, तेच लॉगिनच्या पानावरचे बोधचिन्ह बदलून, मेन्यूतील नावे बदलून आणि आवृत्ती सांगणारी ओळ काढून टाकून आम्हाला दिले होते.

वर्डप्रेस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मिळते आणि ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. ते बसवून देण्याचे, साइटच्या रचनेचे किंवा देखभालीचे पैसे घेणे पूर्णपणे योग्य आहे आणि आम्ही ते आजही आनंदाने देतो. पण ते 'वापरण्याचा परवाना' म्हणून दरवर्षी पैसे मागायला कसलाच आधार नाही. प्रमाणपत्राचेही तसेच. ब्राउझरच्या पत्तापट्टीतून प्रमाणपत्राचा तपशील उघडला, तर देणारी संस्था म्हणून लेट्स एन्क्रिप्टचे नाव होते. ही संस्था प्रमाणपत्रे विनामूल्य देते, त्यांची मुदत थोडी असते आणि ती सर्व्हरवर आपोआप नवी होतात. आम्हाला मात्र त्याचे 'खरेदी'चे बिल लावले जात होते.

ते लपवलेले दुवे कुठून आले, याचे उत्तर एका जाणकार डेव्हलपरने दिले. साइटवरचे एक सशुल्क प्लगइन विकत न घेता त्याची 'नल्ड' प्रत, म्हणजे परवान्याची तपासणी काढून टाकलेली प्रत, बसवलेली होती. अशा प्रतींमध्ये भलताच कोड घुसवून त्या फुकट वाटल्या जातात आणि मूळ कंपनीचे अपडेटही त्यांना मिळत नाहीत. असुरक्षिततेची भीती घालून विकलेली साइट अशा प्रकारे विक्रेत्यानेच पोखरून ठेवली होती.

साइट हलवायचे ठरवल्यावर आमच्याकडे नेमके काय आहे, हे समोर आले. आम्हाला दिलेले खाते 'संपादक' या भूमिकेचे होते. या भूमिकेत पाने लिहिता येतात, बदलता येतात, त्यामुळे रोजच्या कामात काहीच खटकत नाही. पण प्लगइन पाहणे, नवे वापरकर्ते जोडणे आणि सगळा मजकूर एक्सएमएल फाइलमध्ये निर्यात करणे हे अधिकार फक्त प्रशासकाकडे असतात. ते मागितल्यावर 'आमच्या बौद्धिक संपदेचा प्रश्न आहे' असे उत्तर आले. वर्डप्रेसबाबत हे उत्तर देण्याचे धाडस मला अजूनही चकित करते.

खरा फास डोमेनचा होता. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅन या डोमेनव्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे नियम स्पष्ट आहेत : नोंदणीदाराने मागणी केल्यावर रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीने, पाच दिवसांच्या आत हस्तांतरणाचा कोड दिला पाहिजे किंवा तो स्वतः मिळवण्याची सोय दिली पाहिजे. पण हा हक्क नोंदणीदाराचा, आणि नोंदणीदार म्हणून कंपनीने, लेखी दिलेल्या शब्दाच्या उलट, स्वतःचेच नाव लावले होते. हे बाहेरून सहज समजत नाही, कारण २०१८ पासून डोमेनच्या सार्वजनिक नोंदीतील नोंदणीदाराचे तपशील बहुधा झाकलेले असतात. तिथे आपले नाव न दिसणे हा फसवणुकीचा पुरावा नव्हे, आणि ते झाकलेले असणे हा निश्चिंत राहण्याचा आधारही नव्हे. रजिस्ट्रारकडचे खाते आपल्या ईमेलने उघडते का आणि नूतनीकरणाची सूचना आपल्याला येते का, एवढीच खात्रीची तपासणी आहे.

डोमेन गेले की वेबसाइट जाते, हे सगळ्यांना कळते; ईमेलही जातो, हे चटकन लक्षात येत नाही. आमचे कार्यालयीन पत्ते त्याच डोमेनवर होते. ज्याच्या हाती डोमेनच्या डीएनएस नोंदी (साइट आणि ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जाईल हे ठरवणाऱ्या नोंदी), तो येणारी टपाल हव्या त्या सर्व्हरकडे वळवू शकतो. आणि बँकेपासून पुरवठादारांच्या पोर्टलपर्यंत सर्वत्र पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच पत्त्यांवर येत असतात. त्यामुळे भांडण उघड करण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाच्या खात्यातील ईमेल बदलणे भाग होते, आणि ते काम साइट नव्याने उभारण्यापेक्षा कितीतरी किचकट ठरले. कोणी याच अवस्थेत असेल, तर कंपनीला जाब विचारण्याआधी हे काम उरकावे.

मजकुराचे फारसे नुकसान झाले नाही. बरीच पाने साइट सुरू असतानाच जतन केली होती आणि जुनी काही पाने वेबसाइट्सच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये मिळाली.

नवी साइटही आम्ही वर्डप्रेसवरच केली. डोमेन आम्ही स्वतः घेतले, होस्टिंगचे खाते आमच्या नावावर ठेवले आणि डेव्हलपरला त्यात वेगळा प्रवेश दिला. काम ठरवण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाकडून प्रशासकाचे अधिकार, सशुल्क प्लगइनच्या खरेदीच्या पावत्या आणि डेटाबेससह संपूर्ण बॅकअप यांची लेखी हमी मागितली. काहींनी ती कसलीही खळखळ न करता दिली, आणि 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' म्हणणाऱ्यांशी बोलणे तिथेच थांबवले.

जुने डोमेन अद्याप त्या कंपनीकडेच आहे. त्यावरून आमच्या नावाने पत्रे पाठवणे शक्य असल्याने सर्व ग्राहकांना आणि पुरवठादारांना नवे पत्ते कळवले आहेत. जुन्या पत्त्यावरून बँक खाते बदलल्याचे किंवा रक्कम भरण्याचे पत्र आल्यास पैसे न पाठवता आम्हाला फोन करून खात्री करावी, असेही त्यांना लिहिले आहे.