थायलंडमध्ये स्वयंसेवक म्हणून शिकवायला गेले, तेव्हा

शाळेच्या गेटला कुलूप होतं. एप्रिलचा पहिला आठवडा, ईशान्य थायलंडमधल्या खोन केन शहराचं रणरणतं ऊन, हातात बॅग आणि पाठीवर फ्लॅशकार्डांनी भरलेली सॅक. वॉचमनने हातानेच सांगितलं, शाळा बंद आहे. थायलंडच्या सरकारी शाळांचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. एप्रिल म्हणजे तिथली मोठी सुट्टी, त्यातच सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण. हे मी घरबसल्या पाच मिनिटांत शोधू शकले असते. 'एक एप्रिलपासून सरकारी शाळेत रुजू' हे मला बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र मात्र मी तीनदा वाचलं होतं.

संस्थेची जाहिरात अशी होती: मुलांना इंग्रजी शिकवायला प्रशिक्षणार्थी स्वयंसेवक हवेत, पगार नाही, राहायची सोय आमची, वर १२० तासांचं टेफल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचं, प्रमाणपत्र. त्यासाठी १,२०० डॉलर फी. मला वाटलं, आपण कमवायला चाललोच नाही, तर फसवून कुणाला काय मिळणार?

व्हिसाबद्दल विचारलं तेव्हा फोनवरच्या बाई म्हणाल्या, "पर्यटक व्हिसावर या, इथे बदलून घेऊ. विमानतळावर विचारलं तर फिरायला आलेय म्हणा." खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. तिथल्या कायद्यात पगार मिळो न मिळो, काम ते काम. स्वयंसेवकालाही वर्क परमिट लागतं, आणि त्या कामासाठीचा नॉन-इमिग्रंट व्हिसा शाळेच्या पत्रावर सहसा निघण्याआधीच काढायचा असतो. परमिट नसताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी. दंड त्या बाई भरणार नव्हत्या.

दोन दिवसांनी मला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर नेलं. खासगी इंग्रजी क्लासचा उन्हाळी वर्ग, सहा ते बारा वर्षांची चाळीस मुलं एकाच खोलीत. मी रंगांची कार्डं काढली आणि लाल कार्ड दाखवायच्या आधीच सगळी पोरं ओरडली, "रेड!" पुढचंही त्यांना पाठ होतं. माझ्याआधी आलेल्या प्रत्येकाने तेच रंग, तेच प्राणी, तेच टाळ्यांचं गाणं घेतलं होतं. दर तीन आठवड्यांनी चेहरा नवा आणि धडा पहिला. "मला कळलं नाही, परत सांगा," एवढं इंग्रजीत म्हणता येणारं मात्र एकही मूल नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पैशांचं दुःख त्याच्यापुढे काहीच नाही. थाई भाषेत शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, गुरू या आपल्याच शब्दावरून आलेलं. ती मुलं मला ख्रू म्हणायची आणि मला मान वर करवत नसे.

एका मुलीच्या आईने फोनवर भाषांतर करून विचारलं, तुम्हाला अनुभव किती वर्षांचा? मग पावती दाखवली. तीन आठवड्यांचे ४,५०० बाथ, 'परदेशी प्रशिक्षित शिक्षिका'. चाळीस मुलं गुणिले ४,५००. माझं फुकटचं काम त्यांनी विकलं होतं, आणि विकत घेणाऱ्या आईलाही फसवलं होतं.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर वर्गात डोकावायलाही कुणी आलं नाही. सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी-शिक्षक प्रशिक्षणासारख्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात सहा तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं, मागे प्रशिक्षक बसलेला असतो, नंतर चुका दाखवतो. माझं प्रमाणपत्र ईमेलने आलं. त्यावर निरीक्षणाखालचे वीस तास लिहिलेत. मी ते कुठेही दाखवलेलं नाही.

परमिटचं पुन्हा विचारल्यावर बाई म्हणाल्या, पासपोर्ट आमच्याकडे ठेवा, काम लवकर होईल. मी दिला नाही. एवढी एकच गोष्ट मी बरोबर केली. एकोणिसाव्या दिवशी परतले. फी परत मिळाली नाही. करारात ती 'मार्गदर्शन व पूर्वतयारी साहित्यासाठी' होती, पैसे मी एका व्यक्तीच्या बँक खात्यात भरले होते, आणि संस्थेची नोंदणी तिसऱ्याच देशात.

तुम्हाला असं पत्र आलं असेल तर संस्थेने दिलेल्या नंबरवर नव्हे, शाळेचा नंबर स्वतः शोधून फोन करा. मुख्याध्यापकांना तुमचं नाव माहीत आहे का, वर्क परमिटचा अर्ज कोण करणार, वर्गात दुसरं कोण असेल, हे विचारा. संस्थेने सुचवलेल्या जुन्या स्वयंसेवकांशी बोलून भागत नाही, न सुचवलेला एक तरी गाठा.

मे महिन्यात मी त्या कुलूप लावलेल्या शाळेला ईमेल केला. तिथल्या इंग्रजीच्या शिक्षिकेचं उत्तर आलं. त्यांचा त्या संस्थेशी काहीच संबंध नव्हता, जाहिरातीतला मुलांचा फोटो विचारल्याशिवाय वापरला होता, आणि असं पत्र घेऊन गेटवर आलेली मी चौथी होते. तक्रारीसाठी त्यांना माझं पत्र आणि ती जाहिरात हवी होती. त्याच रात्री दोन्ही पाठवलं.